महाराजांची निरगाठ

लग्नात नवरानवरीचे हात एकाच दोरीनं बांधायचे आणि एक वर्ष आणि वर एक दिवस सोडायचे नाहीत, असा हुकूम उमरगडात निघाला आणि सगळ्या संस्थानाची पंचाईत झाली.

हे खूळ आलं कुठून, ते ऐका. सातासमुद्रापलीकडचं एक गोरं जोडपं रणधीरराव महाराजांकडे पाहुणं म्हणून आलं होतं. सूर्य, चंद्र, झाडं यांना देव मानणारी माणसं. राजवाड्याच्या बागेत, वडाखाली, त्यांनी आपल्या रीतीनं लग्न लावलं. हातात हात दिला, त्यावर रंगीत दोरी बांधून घेतली, वर्षभर आणि वर एक दिवस साथ द्यायचं वचन दिलं आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या झाडूवरून जोडीनं उडी मारली. महाराज बेहद्द खूश! पण तेवढ्यात बासुंदीची वर्दी आली आणि ते उठले. त्यांच्यामागे पाहुण्यांनी दोरी सोडली, पेटीत जपून ठेवली आणि गाडी गाठली. महाराजांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की बांधल्या हातांनी झाडू ओलांडला की लग्न लागलं आणि मग हात वर्षभर तसेच बांधलेले ठेवायचे. आता महाराजांच्या डोक्यात एकदा शिरलेलं बाहेर काढायची कुणाची टाप होती?

गाठ महाराज स्वतः मारत, तीही निरगाठ. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागता कामा नये. मुदत भरली की सोडणार तेही महाराजच. मग काय विचारता! नवे नवरदेव बायकोबरोबर पाणवठ्यावर जाऊ लागले. एकाला तर मंगळागौरीत आत्याबाईंशी फुगडी घालावी लागली. पुढं त्याला ती आवडायलाही लागली, हा भाग वेगळा. आणि केरसुणी म्हणजे लक्ष्मी, तिच्यावरून उडी मारायची कशी? नवऱ्या बिचाऱ्या उडी मारायच्या आणि लगेच वळून तिच्या पाया पडायच्या. बांधलेल्या नवरदेवांनाही वाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अशात गवळ्याच्या गोजराचं लग्न भैरू सनईवाल्याशी ठरलं. सनईला दोन्ही हात लागतात. वर्षभर सनई बंद म्हणजे घरची चूल बंद, आणि भैरूचा तर जीवच त्या सनईत. तो जेवेना की बोलेना. गोजराला ते बघवेना. ती तडक दरबारात गेली आणि म्हणाली, एवढी एक गाठ माफ करा. महाराज म्हणाले, राजाज्ञा ती राजाज्ञा.

"बरं तर," गोजरा म्हणाली. "गाठीला आम्ही दोघं बोटसुद्धा लावणार नाही. पण उद्या पंगत बसायच्या आत महाराजच ती सोडतील."

महाराजांना गंमत वाटली. त्यांनी पैज लावली. सोडली तर हुकूम रद्द, सगळ्या जोडप्यांच्या गाठी मोकळ्या. नाही सोडली तर गोजराची मुदत दुप्पट. गोजरा बरं म्हणाली आणि घरी गेली. भैरूनं मात्र हे ऐकून डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या अंगणातल्या मांडवात महाराज दोरी घेऊन उभे राहिले. नवरानवरीचे हात हळदीनं आणि तेलानं असे माखलेले, की गाठ बसेना. एक वेढा घालून दुसरा घालीपर्यंत पहिला ढिला. महाराजांना घाम फुटला.

गोजरा खालच्या मानेनंच म्हणाली, की आमच्याकडे कडब्याची पेंढी बांधताना गाठीवर कुणीतरी बोट ठेवतं. पण इथं दुसऱ्याचा हात चालत नाही ना. दिवाणजींनी बोट पुढं केलंच होतं, तर महाराज त्यांच्या अंगावर खेकसले. कायदा म्हणजे कायदा! मग त्यांनी स्वतःचं बोट गाठीवर दाबलं, दोरीचं एक टोक दातात धरलं, दुसरं मोकळ्या हातात, आणि दिला हिसका. निरगाठ बसली, पण बोटासकट. बोटात टपोऱ्या हिऱ्याची अंगठी, ती आत अडकलेली. बोट काही केल्या मागं येईना.

दिवाणजी म्हणाले, सोडावी का? पण महाराज कसले ऐकतात! हुकूम तो हुकूम, आम्हीही वर्षभर असेच राहू, म्हणाले. गोजरानं आदरानं सांगितलं, की आमच्याकडे पहाटे धारा काढायच्या असतात, महाराजांसाठी गोठ्यात घोंगडं टाकू. महाराज त्यालाही तयार!

तिघं चालत चालत केरसुणीपाशी आले. महाराजांनी धोतर सावरून उडीचा पवित्रा घेतला. तेवढ्यात गोजरा थांबली.

"महाराज, एक विचारायचं राहिलं. एका गाठीत हात घालून जे केरसुणी ओलांडतात त्यांचं लग्न लागलं, असा तुमचाच कायदा आहे. आता उडी तिघांची. मी तर भैरूची बायको. मग महाराज कोण? माझे दुसरे नवरे, की भैरूची दुसरी बायको?"

महाराजांनी भैरूकडे पाहिलं. भैरू लाजून दोरी पुरेल तितका लांब सरकला.

आणि वरच्या सज्जातून राणीसाहेबांचा आवाज आला, "सांगा ना. आम्हालाही ऐकायचंय."

महाराजांनी एकदा सज्जाकडे पाहिलं, एकदा केरसुणीकडे, आणि खाली वाकून गाठीत दात रोवले! दोरी सुटली तेव्हा वाढपी नुकती पानं मांडत होते. महाराज आपल्या मोकळ्या बोटाकडे बघत राहिले, मग गोजराकडे बघितलं आणि पागोटं घसरेपर्यंत हसले. दोरीत अडकून आलेली अंगठी त्यांनी गोजराच्या हातावर ठेवली. मग गावातल्या सगळ्या जोडप्यांना बोलावून त्यांच्या गाठी सोडायला बसले. फुगडीवाला तेवढा जरा हिरमुसला. भैरूनं दोन्ही हातांनी सनई अशी वाजवली, की पंगत जेवायची विसरली.

दोरी मात्र राणीसाहेबांनी दासीकरवी वर मागवून घेतली. महाराजांनी विचारलं, कशाला?

"असू द्या," राणीसाहेब म्हणाल्या. "पुन्हा कधी उडी मारायची हौस आली, तर आमच्यापाशी असलेली बरी!"