गाळायचं कापड

“पण तो संपला हे कळतं कसं?”

हे नेमगोंडा आण्णांनी विचारलं होतं, एवढं भूपाल चौगुल्यांना आठवतं. म्हणजे, आठवतं असं वाटतं. कदाचित प्रश्न त्यांचा स्वतःचाच असेल आणि आण्णांच्या तोंडी त्यांनी तो नंतर घातला असेल. रसायनशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्यानं आपल्या आठवणीवर एवढा संशय घ्यायलाच हवा.

वारणाकाठच्या त्या गावात, जैन मंदिराच्या ओसरीवर दोघे बसले होते. मध्ये चौगुल्यांनी बरोबर आणलेला पाण्याचा जग. वर नळाचं पाणी ओतायचं, ते मधल्या फिल्टरमधून थेंबथेंब खाली उतरतं, तसला. मुलीनं पुण्याहून पाठवलेला. पिशवीतून प्रवासातही तो नेत, इतकी त्यांना पाण्याची धास्ती.

आण्णा व्रती होते. शेतीवाडी पुतण्याच्या हवाली करून मंदिरामागच्या खोलीत राहत. दर रविवारी गावातली माणसं त्यांच्यापुढे शास्त्र ऐकायला बसत. आता आण्णांनी सांगून टाकलं होतं : पुढच्या रविवारपासून चौगुले सर बोलतील, नाहीतर वर्ग बंद.

चौगुले नाही म्हणायला आले होते. आणि नाही म्हणावं लागू नये, अशी त्यांची फार इच्छा होती.

“झाकणावर दिवा आहे,” ते म्हणाले. “लाल झाला की फिल्टर बदलायचा.”

“म्हणजे दिव्याला कळतं.”

“नाही ना. दिवा पाण्याकडे बघतच नाही. दोन महिने झाले की लाल होतो, बस. तुमच्या विहिरीसारखं जड पाणी असलं तर फिल्टर कधीच संपलेला असतो आणि दिवा हिरवाच.”

“आमच्या जावयासारखा आहे की,” आण्णा म्हणाले. “भूक लागली का विचारलं की घड्याळ बघतोय.”

चौगुले हसले नाहीत.

“संपलेला फिल्टर नव्यासारखाच दिसतो, आण्णा. पाणीही स्वच्छच दिसतं. आधी धरून ठेवलेलं पुढे कधी त्याच पाण्यात सुटायला लागतं, हे पिणाऱ्याला समजत नाही. फिल्टरला तर नाहीच.”

“हं.”

“तो फिल्टर म्हणजे मी आहे.”

आण्णांनी फिल्टरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“इतकी वर्षं वाचलं, ऐकलं, वाद घातले. आत काय काय साठलंय कुणास ठाऊक. अर्धवट समजलेलं, चुकीचं समजलेलं, माझा मीपणा... ते सगळं लोकांच्या पेल्यात उतरायचं. आणि दिसायचं स्वच्छ. मला नाही जमणार.”

“बरं,” आण्णा म्हणाले.

ते समजूत घालतील, असं चौगुल्यांना वाटलं होतं. त्यांनी जरा वाट पाहिली... आण्णांनी कट्ट्यावरची मुंगी बोटानं अलगद बाजूला केली, एवढंच.

“पद्माक्काला स्वयंपाकाला पाणी पाहिजे असंल,” ते उठत म्हणाले. पद्माक्का म्हणजे आण्णांची बहीण, त्यांचं जेवणखाण त्याच बघायच्या. “चला, हात लावा जरा.”

विहिरीवर आण्णांनी दोर चौगुल्यांच्या हातात दिला. घागरीच्या तोंडावर जाड, दुहेरी कापड बांधलं. चौगुले पाणी शेंदत आणि कापडावर ओतत राहिले. उन्हात कापडातून पाणी गळताना छान आवाज येत होता.

घागर भरली. चौगुल्यांनी कापड सोडलं, गोळा केलं आणि पिळायला घेतलं. प्रयोगशाळेतली सवय. गाळून झालं की खालचं ठेवायचं, वरचं टाकायचं.

आण्णांनी त्यांचं मनगट धरलं.

“त्यात काय आहे, सर?”

“गाळ. बारीक जीव. जे असेल ते.”

“कुणाचं?”

“...विहिरीचं.”

“मग तुम्ही कशाला ठेवून घेताय?”

चौगुल्यांचे कान तापले. लहानपणी घरात हे रोज पाहिलं होतं. नळ आले आणि सगळं विसरलं गेलं.

त्यांनी कापड उलटं केलं. आण्णांनी त्यावर घागरीतलंच गाळलेलं पाणी हळूहळू ओतलं. ते खालच्या लहान बादलीत उतरलं. बादली दोरानं सावकाश खाली सोडली आणि पाण्याला टेकल्यावर दोर सैल सोडून उलटी होऊ दिली. उंचावरून ओतायचं नाही, जीव दुखावतात.

दोघे काठावरून वाकून बघत राहिले. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, मोठं झालं, गेलं.

“आता सांगा,” आण्णा म्हणाले. “भरलं हे कापडाला कसं कळतं?”

“कापड भरत...” चौगुले म्हणाले, आणि थांबले.

त्यांनी हातातलं ओलं कापड उलगडून पाहिलं.

“लोकांनी विचारलं आणि मला येत नसलं तर?”

“त्यांचं त्यांना परत द्यायचं.”

“आणि चुकीचं सांगून बसलो तर?”

“पुढच्या रविवारी तसं सांगायचं. माणसं तीच येतात.”

चौगुल्यांना हसू आलं. कापड विहिरीच्या काठावर वाळत घालताना त्यांनी बोटांनी पोत तपासला. सवयच ती.

“हे किती दिवस चालतं, आण्णा?”

“हे? हे माझ्या गुरूंचं आहे.”

आण्णांचे गुरू जाऊन एक जमाना झाला होता. सुती कापड, रोजचं पाणी, रोजचं ऊन... हिशेब जुळत नव्हता. पण रविवारी चौगुले आले आणि बसले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलेलं त्यांना आलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. म्हातारी म्हणाली, मग मीच विचार करून येते.

ती खरंच विचार करून आली. वर्ग चालू राहिला.

आण्णा गेल्यावर कितीतरी वर्षांनी चौगुल्यांनी पद्माक्कांना त्या कापडाचं विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, दर दिवाळीला मीच नवं फाडून द्यायचे की. चौगुल्यांचं एवढ्यावर समाधान होईना म्हणून त्यांनी पेठेतल्या कापडवाल्या मगदूमांनाही गाठलं. तेही तेच म्हणाले : दरवर्षी नवं, आमच्याकडूनच.

“मग गुरूंचं कसं म्हणायचे आण्णा?” चौगुल्यांनी परत येऊन विचारलं.

“मीबी हेच विचारलं होतं त्याला,” पद्माक्का म्हणाल्या. “तर म्हणाला, ‘विरलं की बदल, हे त्यांनीच सांगितलंय मला.’”