दहा घरांची नक्षी

विणकरांच्या एका गावात सुपडू नावाचा एक विणकर राहत होता. हात चलाख, आणि जीभ त्याहून चलाख. वडिलांनी त्याच्यासाठी मागे एकच इस्टेट ठेवली होती, ती म्हणजे लुगड्याच्या काठाची एक नक्षी. नक्षी कसली, कागदावर लिहिलेले दहा आकडे. तीन धागे लाल, मग आठ पिवळे, मग पाच हिरवे, असे. त्या आकड्यांवर घराचे नाव चालत होते. ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते आणि खुद्द सुपडूलाही पाठ नव्हते.

एके वर्षी गावाने मिळून संगणकावर चालणारा माग आणला. तो शिकवायला रेवतीताई येऊ लागल्या. पडद्यावर एका ओळीत दहा घरे दिसत, प्रत्येक घरात एक आकडा. आकडे सांगतील तसा काठ विणला जाई. पहिला धडा असा होता: प्रत्येक आकडा एकेक घर पुढे सरकवायचा आणि शेवटचा पहिल्या घरात आणायचा. दर ओळीला असे केले की काठावरची वेल तिरकी चढते. आधी एक ते दहा आकड्यांवर सराव करा, असे ताईंनी सगळ्यांना बजावले.

सुपडूला हा पोरखेळ वाटला. त्याने थेट वडिलांचेच आकडे घातले. आता कागदाचे काय काम, म्हणून बाहेर जाऊन त्याच कागदाने विडी पेटवली. मग आत येऊन यंत्राला हुकूम दिला: पहिल्या घरातला आकडा दुसऱ्यात लिही, दुसऱ्यातला तिसऱ्यात, असे शेवटपर्यंत.

यंत्र पक्के सांगकामे. त्याने पहिल्यातले तीन दुसऱ्यात लिहिले, तिथले आठ पुसले गेले. मग दुसऱ्यातले, म्हणजे पुन्हा तीनच, तिसऱ्यात लिहिले. पाहता पाहता दहाही घरांत तीन. सुपडूच्या तोंडचे पाणी पळाले. वडिलांची नक्षी आपल्याच हाताने पुसली, या विचाराने त्याला रडू येऊ लागले.

सगळे हसले, ताई हसल्या नाहीत. त्यांनी पाच जणांना एका बाकावर खेटून बसवले आणि पहिल्याला पुढे सरकायला सांगितले. तो बिचारा दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसला.

"सुपडूभाऊ, आता तुम्हीच सांगा, आधी कुणाला उठवायचं?"

"शेवटच्याला," सुपडू हळूच म्हणाला.

शेवटचा उठून बाजूला उभा राहिला. चौथा त्याच्या जागी सरकला, तिसरा चौथ्याच्या, आणि अशी पहिली जागा मोकळी झाली. तिथे बाजूला उभा असलेला येऊन बसला. कुणाचा पायसुद्धा चेंगरला नाही.

धडा कळला, पण नक्षी कुठून आणायची? सुपडूच्या म्हाताऱ्या आत्याकडे तिच्या भावाने, म्हणजे सुपडूच्या वडिलांनी, त्याच नक्षीचे विणलेले एक लुगडे होते. सुपडूने तिचे पाय धरले.

"मोज बाबा," आत्या म्हणाली. "पण एक धागा ओढलास तर जेवायला वाढणार नाही."

दोन दिवस तो काठाला डोळे लावून बसला. प्रत्येक रंगाचे धागे तीनतीनदा मोजले, कागदावर उतरवले आणि कागद आत्याकडेच ठेवायला दिला. मग एक ते दहावर मुकाट्याने सराव केला. त्यानंतरच वडिलांचे आकडे घातले, दर ओळीला शेवटचा आधी बाजूला काढला, मागच्या टोकापासून एकेक आकडा पुढे सरकवला आणि बाजूचा पहिल्या घरात ठेवला. वेल सरसर तिरकी चढत गेली.

आत्याने नव्या काठावरून हात फिरवला. "दादाच्याच हातची वाटते," ती म्हणाली. सुपडूला इतका आनंद झाला की त्या दिवशी तो कुणाशी काही बोललाच नाही.

तात्पर्य: पुढे जायची घाई असेल, तर आधी शेवटच्याला जागा करून द्यावी, नाहीतर हाताशी असलेलेही पुसले जाते.