मूळ बोलणारा कोण?

चंदनगिरीच्या प्रजेने बंड करून आपल्या राजाला हाकलून लावले, आणि झोप उडाली ती शेजारच्या सिंदवणच्या राजा रत्नपाळाची. आज तिकडे झाले, उद्या इकडे झाले तर? पळालेल्या राजाच्या मदतीला फौज धाडावी असे त्याच्या मनात घोळत होते. पण आधी आपली माणसे काय बोलतात ते कळायला हवे, म्हणून त्याने गल्लोगल्ली हेर पेरले. महिनाभरात तुरुंग गच्च भरला. आत गेलेल्यांत तुळाजी कासारही होता. गुन्हा काय, तर पारावर वाद रंगला असताना तो म्हणाला होता, "दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात आपली पोरं कशाला मरायला पाठवायची?"

तुळाजीला दमा होता आणि कोठडीच्या भिंतींना ओल. बाबा तिथे फार दिवस काढणार नाहीत, हे त्याच्या लेकीला, येसूला, पहिल्या भेटीतच दिसले. ती तशीच उठून दरबारात गेली.

"महाराज, बाबांना सोडा. ते बोलले ते सगळं गावच बोलतंय."

"गाव बोलतंय हेच तर माझं दुखणं आहे," राजा म्हणाला. "कुणीतरी हा विषय पहिल्यांदा माझ्या नगरात आणला असेलच ना? तो मूळ बोलणारा चार दिवसांत माझ्यापुढे उभा कर. त्याला तुझ्या बापाच्या कोठडीत घालतो आणि बापाला सोडतो. नाही जमलं, तर तूही बापाशेजारी जाऊन बस."

दरबारी गालातल्या गालात हसले. हजार तोंडांतले पहिले तोंड हुडकायचे म्हणजे भातातले आधी शिजलेले शीत हुडकण्यासारखेच होते.

"चालेल," येसू म्हणाली. "मला दोन शिपाई द्या. आणि मूळ बोलणारा कुणीही निघाला, तरी शब्द फिरवायचा नाही."

"राजाचा शब्द आहे हा!"

येसूने बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि शिपायांना चार पावले मागे ठेवून घरोघर निघाली. कासाराचे काम मोठे सोयीचे. बाईचा हात त्याच्या हातात असतो, त्यामुळे तिला मध्येच उठून जाता येत नाही. शिवाय खोटे बोलताना हात आखडतो, आणि आखडलेल्या हातावर बांगडी चढत नाही. येसू तळवा दाबून सैल करायची आणि सहज विचारायची, "काकू, चंदनगिरीचं तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

सुतारणीला तेलिणीने सांगितले होते. तेलीण म्हणाली, "मला एका वासुदेवानं. भर दुपारी आला होता."

"वासुदेव? आणि दुपारी?"

"तर काय! आमचा नेहमीचा पहाटे येऊन जातो. ह्यानं दान घेतलं, गाणं एक म्हटलं नाही, आणि विचारतो काय, 'चंदनगिरीत राजाला हाकललं म्हणे, तुमचं काय मत?' मला तर तोवर काहीच ठाऊक नव्हतं."

दुसरा माग माळणीच्या दारात जाऊन थांबला. तिला एका परक्या कासाराने सांगितले होते. "कसला मेला कासार," माळीण म्हणाली. "बांगडी वाढली तर चक्क 'फुटली' म्हणाला!"

येसू टोपली सावरून उभीच राहिली. बांगडी तडकली तरी ती 'वाढली' म्हणायची, फुटणे अशुभ. फुटली हा शब्द कासाराच्या घरातले शेंबडे पोरसुद्धा तोंडातून काढत नाही.

चौथ्या दिवशी शिपायांनी त्या दोघांना गल्लीत धरून दरबारात आणले. एकाच्या डोक्यावर मोरपिसांची टोपी होती, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपली. येसूने टोपी काढली, टोपली उतरवली. राजा ताडकन उठला.

"अरे, हे तर माझेच हेर!"

"असतील महाराज. पण गावात विषय ह्यांनीच आणला. त्याआधी लोकांना चंदनगिरी कुठल्या दिशेला आहे तेही माहीत नव्हतं. मात्र हेही मूळ बोलणारे नव्हेत. ह्यांना कुणी सांगितलं, ते आपणच विचारा."

राजा गरजला, "बोला, कुणी सांगितलं?"

"हेरनाईकांनी, महाराज. म्हणाले, लोकांत विषय काढा आणि कोण काय बोलतं ते ऐका."

हेरनाईक भिकोजी खांबाआड सरकत होता. राजाने त्याला पुढे ओढून आणवले. "आणि तुला कुणी सांगितलं?"

"आता... नीटसं आठवत नाही, महाराज."

येसूने टोपलीतून हिरवीगार बांगडी उचलली. "हात द्या नाईक. बांगडी चढली तर तुम्ही खरं बोलताय."

भरल्या दरबारात मिशीवाल्या नाईकाच्या हातात बांगडी! भिकोजीने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि तो घाईघाईने बोलून गेला, "महाराज, आपणच! चंदनगिरीतल्या आपल्या वकिलाचं पत्र फक्त आपल्याकडे आलं होतं. आपणच मला बोलावून सांगितलंत!"

राजाने येसूकडे पाहिले, मग सिंहासनाकडे पाहिले. येसूने मान खाली घातली नाही.

"म्हणजे," राजा सावकाश म्हणाला, "शब्दाप्रमाणे मी आता तुझ्या बापाच्या कोठडीत जाऊन बसायचं?"

"छे छे, तसं करू नका महाराज," येसू म्हणाली. "चंदनगिरीच्या लोकांना राजाला गादीवरून उठवायला केवढी लढाई करावी लागली! आणि इथे एका कासारणीनं चार दिवसांत, टोपलीभर बांगड्यांवर काम उरकलं म्हटल्यावर त्या बिचाऱ्यांनी तोंड कुठं लपवायचं?"

पडद्यामागे आधी राणी हसली. मग राजाने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि तो असा खदखदून हसला की मुकुट तिरका झाला. डोळे पुसत त्याने तुरुंगाची दारे उघडायचा हुकूम सोडला, फौज धाडायचा बेत सोडून दिला आणि मनगटातले सोन्याचे कडे काढून येसूपुढे धरले. दारात धापा टाकत उभ्या राहिलेल्या तुळाजीच्या हातात येसूने ते चढवले आणि त्याला धरून घरी नेले.