बुवा म्हणाले, काढ

"...आणि आता मागची सीटही काढून टाकली, बुवा. यापुढे काय काढू?"

बुवा मठाच्या ओट्यावर पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"मागची सीट?" ते म्हणाले. "तिनं काय केलं व्हतं तुझं?"

श्रीरंग टिपणीस नुसता हसला. असं उलटं विचारायची बुवांची पद्धतच आहे, अशी त्याची खात्री होती.

तो हात जोडून उभा राहिला. आता तो शब्द येईल म्हणून थांबला.

शब्द आला नाही. बुवांनी वाटीतलं तेल बोटावर घेतलं आणि दुसऱ्या गुडघ्याला लावलं.

हा श्रीरंग नाशिकचा. वेळेआधीच नोकरी सोडून घरी बसलेला, पन्नाशी उलटलेला गृहस्थ. बसलेला म्हणायचं एवढंच, कारण त्याने एक जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी दणकट गाडी घेतली होती आणि तिच्यापायी त्याला बसायला फुरसत नव्हती. गाडी सेकंडहँड, परवडणारी, बरीच हिंडून आलेली, पण इंजिन ठणठणीत. ती घेऊन आपण आणि हेमा स्पितीच्या खोऱ्यात जायचं, तंबू ठोकून राहायचं, असा बेत होता.

हेमा त्याची बायको. शाळेत भूगोल शिकवायची. हिमालयातल्या खिंडींची नावं तिने पोरांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतली होती आणि स्वतः एकही पाहिली नव्हती. गाडी दारात आली त्या दिवशी तिने लगेच गरम कपडे उन्हात घातले.

मग गाडीला एकेक गोष्ट बसू लागली.

आधी तिची उंची वाढवली. मग रुंद टायर आले. मग पुढे विंच बसलं, म्हणजे गाडी चिखलात रुतली तर समोरच्या झाडाला दोर बांधून तिला ओढून काढणारं यंत्र. ओढ्यात इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून टपापर्यंत हवेची नळी गेली. टपावर कॅरियर, कॅरियरवर घडीचा तंबू, आणि दिवे तर इतके की गाडी घराकडे वळली की समोरच्या इमारतीतले लोक पडदे ओढून घ्यायचे.

हेमा विचारायची, "कधी निघायचं?"

तो म्हणायचा, "एवढं बसवलं की निघू."

तो खोटं बोलत नव्हता. दर वेळी त्याला तसंच वाटायचं, हेच त्यातलं वाईट.

नवं काही बसवलं की त्याची परीक्षा घ्यायला तो या मठाच्या वाटेवर यायचा. अकोले तालुक्यातल्या डोंगरात याहून वाईट वाट त्याला सापडली नव्हती. सुटे धोंडे, एक ओढा, आणि शेवटी छातीवर येणारा चढ. चढून आलं की मठापुढे जांभळीखाली थोडी सपाट जागा होती. तिथे तो गाडी लावायचा, ओट्यावर टेकायचा, बुवा देतील तो कोरा चहा घ्यायचा.

बुवा फारसं बोलायचे नाहीत. वय झालेलं, गुडघे गेलेले. त्यांच्या गप्प राहण्याचं श्रीरंगला मोठं अप्रूप वाटायचं.

असंच एकदा, गाडीचा साजशृंगार पुरा झाल्यावर, त्याने विचारलं होतं, "बुवा, बघा बरं नीट. हिच्यात आता काय कमी आहे?"

बुवांनी गाडीकडे पाहिलं होतं. गाडीच्या मागे पाहिलं होतं. आणि एकच शब्द बोलले होते.

"काढ."

श्रीरंगच्या अंगावर काटा आला होता. तो बुवांच्या पाया पडला, चहासुद्धा न घेता गाडीत बसला आणि निघाला. घाटात त्याला भरून आलं. आपण बसवत सुटलो, आणि या माणसाने एका शब्दात सगळं सांगून टाकलं.

पुढच्या खेपेला तो दिवे काढून आला. जांभळीखाली गाडी लावली, नमस्कार केला.

बुवा म्हणाले, "काढ."

मग तंबू गेला. पुन्हा "काढ." कॅरियर गेला. "काढ." मग ती नळी, मग रुंद टायर, वाढवलेली उंची. काढायलाही वेळ लागतोच. भोकं बुजवा, पत्रा ठोका, रंग लावा. विंच काढताना तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण काढलं.

ही गोष्ट त्याने आपल्या ऑफरोडवाल्यांच्या, म्हणजे आडवाटांवर गाड्या हाकणाऱ्यांच्या ग्रुपला सांगितली. लोक हेलावले. कुणी कुणी आपल्या गाडीवरचंही काही काही उतरवलं. ग्रुपने टी-शर्ट छापले, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत नुसतं "काढ". श्रीरंगने मेळाव्यात त्यावर भाषण केलं. नवी पोरं त्याला सर म्हणू लागली, आणि ते त्याला आवडलंही.

हेमाने मात्र त्या काळात कधीतरी विचारायचं सोडून दिलं. नेमकं कधी, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

आणि आज त्याच्या गाडीवर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि बुवा तो शब्द बोलत नव्हते.

श्रीरंगला हळूहळू उमगलं. म्हणजे झालं... पूर्ण झालं.

"बुवा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आज तुम्ही काढ म्हणाला नाहीत."

"आज कुठं हाय गाडी वाटंत?"

"...अं?"

"दिसंना मला. कुठं लावली आज?"

"खाली. ओढ्याच्या अलीकडे. या टायरांवर हा चढ नको म्हटलं." श्रीरंग गोंधळला. "वाटेत म्हणजे?"

बुवांनी तेलाच्या बोटाने जांभळीकडे दाखवलं. जांभळीच्या मागून एक पायवाट कातळाकडे गेली होती. श्रीरंगने ती आज पहिल्यांदा पाहिली. तिच्यावर नेहमी त्याची गाडी असायची.

"मागं पान्याचं टाकं हाय," बुवा म्हणाले. "साऱ्या वाडीचं. बाया हंडे घिऊन यायच्या अन् तुझ्या गाडीमागं उभ्या ऱ्हायच्या. शहरातल्या मानसाला त्या काय बोलनार? मंग मी म्हनायचो."

"...गाडी काढ."

"व्हय."

श्रीरंग ओट्याच्या कडेला बसला.

टाक्याकडून बादली आपटल्याचा आवाज आला. दोन बाया हंडे घेऊन पायवाटेने सरळ चालत गेल्या आणि जाताना त्यांनी ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी टी-शर्ट छापले, बुवा," तो शेवटी म्हणाला.

"कशाचे?"

"काही नाही."

त्याला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. त्याला फक्त दमल्यासारखं झालं. बसवून बसवून तो दमला होता, काढून काढून दमला होता, आणि आता कळत होतं की दोन्हींपैकी एकही गोष्ट त्याला कुणी करायला सांगितली नव्हती.

"मला तो उपदेश वाटला," तो म्हणाला.

"उपदेश..." बुवा त्या शब्दाचा जरा विचार करत राहिले. "न्हाई बाबा. माझे गुडघे दुखत्यात. बायांसाठी उठून तुझ्यापातुर यायचं जिवावर यायचं, म्हनून बसल्या जागेवरून एकच शब्द बोलायचो."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"काय सांगायचं? मी काढ म्हनायचो, तू लगोलग काढायचास. पाया पडून काढायचास. मी म्हनायचो, मानूस शहरातला हाय, पन गुनाचा हाय."

श्रीरंगने डोकं दोन्ही हातांत धरलं.

बुवांना त्याची दया आली असावी. त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

"ऱ्हाऊ दे ते," ते म्हणाले. "कुठं कुठं हिंडून आलास ते तरी सांग."

"कुठेच नाही."

"न्हाई? इतकी गाडी घिऊन?"

"इथे येऊन गेलो. तेवढंच."

"का रं?"

"गाडी तयार नव्हती."

"अन् आता?"

"आता गाडी तयार आहे. ही नाही." त्याने खाली ओढ्याकडे पाहिलं. "बायको. हेमा. तिच्या फुफ्फुसांचं दुखणं निघालं. तसं हिंडाफिरायला हरकत नाही, पण उंचावर अजिबात जायचं नाही म्हणाले डॉक्टर. स्पिती नाही, लडाख नाही. कधीच नाही. गेल्या आठवड्यात सांगितलं."

बुवांनी तेलाचे हात पुसले.

"डॉक्टरांच्या इथून बाहेर पडलो, तर ती मलाच म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका. मला म्हणाली, बुवा. तिने कपाटातले ते गरम कपडे भाचीला देऊन टाकले. दिले तेव्हा मी गाडीची मागची सीट काढत होतो."

तो रडला नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

"काय करू, ते विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "आणि विचारलं काय, तर काय काढू."

"कुठं हाय ती?"

"खाली. गाडीत. आज तिला एकटीला घरी ठेवायला मन झालं नाही."

बुवा उठू लागले. श्रीरंगने हात दिला. त्यांना उठायला बराच वेळ लागला, आणि उतरायला त्याहून. प्रत्येक धोंड्यावर ते थांबत, खाली बघत, मग पाय टाकत. मठाची पायरी ते वाडीतल्या लग्नालाही उतरत नसत, हे श्रीरंगला ठाऊक होतं. "मी तिला वर घेऊन येतो," असं तो म्हणाला, पण बुवांनी ते ऐकलं नाही.

ओढ्याच्या अलीकडे गाडी उभी होती. बोडकी, जागोजागी रंगाची ठिगळं लावलेली, कुठल्याही जुन्या गाडीसारखी. पुढचं दार उघडून, पाय बाहेर सोडून हेमा बसली होती. ती समोरच्या डोंगराकडे बघत होती.

बुवांना बघून ती गडबडीने उठायला लागली. त्यांनी हातानेच बस म्हटलं आणि स्वतः वाटेवरच्या धोंड्यावर टेकले. त्यांना धाप लागली होती. ती त्यांनी जराशी उतरू दिली.

मग बुवांनी तिला विचारलं, "माई, कुठं जायचंय तुम्हाला?"

हेमाने सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. प्रश्न गाडीतल्या माणसाला आहे की गाडीच्या मालकाला, ते बहुधा तिला कळलं नाही.

स्पिती श्रीरंगने ठरवलं होतं. रस्ता, मुक्काम, महिना, सगळं त्याने ठरवलं होतं. हा प्रश्न आपण हिला कधीच विचारला नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि त्याला फार लाज वाटली.

"मला?" हेमा म्हणाली.

"हां."

तिने हात वर करून समोर दाखवलं. दोन डोंगरांच्या मध्ये एक खाच होती आणि तिच्याकडे गाडीच्या चाकोऱ्या वळत वळत गेल्या होत्या.

"ती खिंड मघापासून बघतेय. पलीकडे कुठे उतरते हो?"

"मला काय ठाऊक," बुवा म्हणाले. "एवढी वर्षं समोर हाय. मी कधी गेलो न्हाई. रस्ता जातो खरा."

"उंच नाही ना फार?" तिने श्रीरंगला विचारलं.

"उंच नाही. उंचीला काहीच नाही." श्रीरंग खिंडीकडे बघत होता. त्याच्या कपाळावर त्या नेहमीच्या आठ्या उमटल्या. "पण तो चढ बघितलास का? सगळी सुटी खडी आहे. वर वळणावर मुरूम खचलेला दिसतोय. आणि पलीकडचं काहीच माहीत नाही. निदान विंच असतं तर... ते रुंद टायर तरी ठेवायला हवे होते मी. एक करू, पुढच्या आठवड्यात मी..."

हेमाने पाय आत घेतले. तिने दार लावून घेतलं, अजिबात आवाज न करता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खिंडीकडून नजर काढून ती आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघू लागली.

श्रीरंगचं बोलणं तिथेच तुटलं.

तो गाडीला वळसा घालून आपल्या दारापाशी गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवला. तिथून त्याला काचेतून बायको दिसत होती, आणि तिच्या पलीकडे बुवा धोंड्यावरून उठायची खटपट करत होते.

"बुवा," त्याने गाडीच्या टपावरून विचारलं. "गाडी अडकली तर?"

बुवांनी गुडघ्यावर हात रोवला आणि सावकाश उभे राहिले.

"तर दोघं अडकाल," ते म्हणाले.