बॉनेटजवळचा फोटो

फुलांचा धंदा करणाऱ्या शेवंताकाकूंनी नवी पिकअप घेतली आणि आठवड्यातच तिला तेल जळल्याचा वास सुटला. काकू गाडी घेऊन तडक शोरूमला गेल्या आणि इंजिन चालूच ठेवून आत शिरल्या. मॅनेजर रणदिवेसाहेब खुर्चीतून हललेही नाहीत.

"वासबिस काही नाही, काकू. उगाच भास होतोय तुम्हाला!"

"बरं. मग गाडीसोबत तुमचा एक फोटो तरी काढू द्या. गावच्या ग्रुपवर टाकते."

फोटो म्हटल्यावर साहेब केस सारखे करत बाहेर आले आणि गाडीच्या बॉनेटला टेकले. लगेच ठसका लागला, रुमाल नाकाला गेला. काकूंनी नेमका तेव्हाच फोटो काढला.

"खाली काय लिहू, साहेब? 'वासबिस काही नाही'?"

"अरे, बॉनेट उघडा आधी!" साहेब रुमालातूनच मेकॅनिकांवर ओरडले.

सैल राहिलेला ऑइल फिल्टर घट्ट बसला. साहेब हळूच म्हणाले, "आता तो फोटो पुसा ना, काकू."

"पुसते की," काकू हसल्या, "वॉरंटी संपली की लगेच!"