देवीच्या पोतेतला मणी

देवीच्या पोतेतल्या सोन्याच्या मण्यात हीण असल्याच्या संशयावरून दिवाणांनी मोरशेट सोनाराला कोठडीत टाकले आणि तिथेच तो मेला. रडून डोळे कोरडे झालेली त्याची बायको भागाई दरबारात आली. देवीचा मणी कापायला मनाई होती. तिने तो तराजूत घातला, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचे चोख सोने ठेवले आणि दोन्ही पारडी पाण्यात बुडवली.

"हीण असेल तर मणी आकाराने मोठा भरेल आणि पाणी त्याला वर उचलेल," ती म्हणाली.

काटा जागचा हलला नाही.

दिवाण ओशाळले. "बाई, एवढासा तो मणी! त्यापायी आता किती त्रागा करायचा?"

"हे माझ्या नवऱ्याला कोठडीत टाकताना म्हणायचं होतंत, दिवाणजी."

मोरशेट निर्दोष ठरला होता, पण ते जाऊन सांगायला भागाईच्या घरी कोणीच उरलं नव्हतं.