दारातला गळा

एका शहरात चष्म्यांचा एक व्यापारी राहत असे. चाळिशी जवळ आली तेव्हा त्याला अकस्मात शर्यतीचा छंद लागला. ही शर्यत वेगळी होती. तिच्यात आधी धावायचे, मग सायकल चालवायची आणि सायकलवरून उतरून पुन्हा धावायचे. तिला ड्युएथलॉन म्हणतात. व्यापारी काही नामांकित खेळाडू नव्हता. पहाटे उठावे, सराव करावा आणि दुकान उघडण्याच्या वेळी गल्ल्यावर हजर व्हावे, इतकाच त्याचा संसार.

पहिली धाव तो उत्तम धावे. सायकलवर तर वाऱ्याशी बोले. परंतु सायकलवरून उतरला की त्याचे काय होई, ते त्याचे त्यालाच कळत नसे. पाय आपले वाटत नसत. गुडघ्याखाली कोणी ओली वाळू भरली आहे असे वाटे. दोन वर्षे त्याने शर्यतीत भाग घेतला आणि दोन्ही वेळा दुसरी धाव अर्धवट टाकून तो रस्त्याच्या कडेला बसला. पायांचे दुःख त्याला फारसे नव्हते. आपण मुळातच भित्रे आहोत, कठीण वेळ आली की हातपाय गाळणारे आहोत, हा संशय त्याला पोखरत होता. या वर्षीही तसेच झाले, तर तो संशय खरा मानायचा आणि सायकल विकून टाकायची, असे त्याने ठरवले.

शहराबाहेर टेकडीवर एक वृद्ध गुरुजी राहत. अनेक धावपटू त्यांच्या हाताखालून गेले होते. व्यापारी त्यांच्याकडे गेला. गुरुजींनी त्याला डोळ्यांसमोर सराव करायला लावला. सायकलवरून उतरताच व्यापारी दात आवळून धावू लागला. थोड्याच वेळात थांबला, मांडीवर मूठ मारली आणि म्हणाला, "पाहिलंत गुरुजी? असंच होतं. मी या कामाचाच नाही."

"रविवारी दुपारी ये," गुरुजी म्हणाले. "माझ्याकडे पाहुणे यायचेत."

"सरावाला?"

"जेवायला."

व्यापारी बुचकळ्यात पडला; पण गेला.

रविवारी ऊन रणरणत होते. टेकडीवर वाहन चढत नसे. एक वयस्क भजनीबुवा, गुरुजींचे बालमित्र, काखेत पिशवी धरून धापा टाकत चढण चढत आले. व्यापाऱ्याला वाटले, गुरुजी आता धावत पुढे होतील. गुरुजी उठले खरे, पण दारात आडवे उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला लावून म्हणाले, "बुवा, गा."

"अहो मास्तर, दारात?"

"दारातच. वरच्या पट्टीत."

बुवांनी मित्राच्या तोंडाकडे पाहिले, घाम पुसला आणि सूर लावला. सूर अर्ध्यावर फाटला. खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "संपलं. बुवा, तुमचा गळा गेला. यापुढे भजन सोडा."

व्यापाऱ्याचे कान लाल झाले. ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून तो आला होता, ते असे निष्ठुर? की वयोमानाने भ्रम झाला? त्याला काहीच उमगेना. शेवटी त्याच्याने राहवले नाही.

"गुरुजी, हे काय चाललंय? माणूस एवढ्या उन्हातून चढून आलाय. त्यांना आत तरी येऊ द्या!"

"आत घेऊन काय करू?"

"काय करू म्हणजे? पाय धुवायला पाणी द्यायचं, गूळपाणी द्यायचं. आल्या आल्या कोणी पाहुण्याला कामाचं विचारतं का? जरा श्वास तरी खाली बसू द्या!"

"बरं," गुरुजी बाजूला झाले. "तुला रीत ठाऊक दिसते. कर."

व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने बुवांच्या पायांवर पाणी घातले. गुळाचा खडा आणि तांब्या पुढे ठेवला. बुवा खांबाला टेकून बसले. कोणी काही विचारले नाही. बुवांनी चढणीला दोन शिव्या दिल्या, गुरुजींना चार दिल्या आणि ते डोळे मिटून पडले. काही वेळाने आतून फोडणीचा वास आला तसे ते आपणहून गुणगुणू लागले. गुणगुणता गुणगुणता असा मोकळा, भरदार सूर लागला की व्यापाऱ्याच्या अंगावर काटा आला.

तो अधिकच गोंधळला. "गुरुजी, मग मघाचा गळा खोटा होता का?"

"खोटा कसा असेल? तोही यांचाच. पण तो अजून वाटेत होता. माणूस पोचला होता, गळा पोचायचा होता." गुरुजी त्याच्याजवळ सरकून बसले. "अरे गृहस्था, तुझे पाय सायकलवरून उतरतात तेव्हा तेही लांबच्या प्रवासातून आलेले असतात. इतका वेळ ते हवेत गोल फिरत होते, जमीन विसरले होते. आणि तू काय करतोस? त्यांना दारातच अडवतोस, पहिल्या धावेचा वेग मागतोस. मिळाला नाही की निकाल देऊन मोकळा होतोस. तोही पायांपुरता नाही, सगळ्या स्वतःचा! परक्या माणसाला जी माया दाखवायला तुला शिकवावं लागलं नाही, ती स्वतःच्या वाट्याला का येत नाही?"

व्यापाऱ्याने रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग व्यवहारी माणसाप्रमाणे म्हणाला, "पण शर्यतीत बसायला वेळ कुठे असतो?"

"बसू नकोस. छोटी पावलं टाक. अगदीच जड झालं तर चाल. फक्त तेवढा वेळ पायांना काही विचारू नकोस."

"किती वेळ?"

"ते पाहुण्यावर असतं."

कूस बदलून बुवा म्हणाले, "मास्तर, पुढच्या खेपेला धडा द्यायला दुसरा गवई बघा. माझा घसा सोलला ना!"

व्यापारी घरी परतला. त्याला कळले होते आणि कळलेही नव्हते.

शर्यतीच्या दिवशी सायकलवरून उतरताच तीच ओली वाळू पायांत भरली. त्याने वेग मागितला नाही. छोटी छोटी पावले टाकत राहिला. माणसे भराभर पुढे जात होती. एक तरुण ओरडला, "काका, सावकाश! चप्पल तुटेल!" व्यापारी हसला, परंतु आत भीती होती. पाय बोलेनात. आज बोललेच नाहीत तर? गुरुजींचे म्हणणे चुकीचे निघाले तर? विचारायचे नाही, एवढेच धरून तो चालत राहिला.

पुढे रस्त्याच्या कडेला एक मुलगी डोके धरून बसली होती. छातीवर शर्यतीचा क्रमांक होता.

"काय झालं?" तो थांबला.

"काही नाही, दादा. तुम्ही व्हा पुढे. पाय उचलतच नाहीत. कळलं मला, माझ्यात दमच नाहीये."

"नसेलही," व्यापारी म्हणाला. "पण ते आत्ता ठरवू नकोस."

"मग कधी ठरवू?"

"ते मलाही नक्की माहीत नाही. ऊठ, चार पावलं चाल माझ्याबरोबर."

"तुम्ही प्रशिक्षक आहात का?"

"छे गं! चष्मे विकतो."

ती हसली आणि उठली. दोघे चालू लागले. दुकान कुठे आहे, काचा महाग का झाल्या, अशा गोष्टी निघाल्या. त्यांनी अंतिम रेषा ओलांडली तेव्हा शर्यतीचा मांडव उतरवायला सुरुवात झाली होती आणि दोघेही चांगल्या वेगाने धावत होते. पण वाटेत नेमके कुठे चालणे संपले आणि धावणे सुरू झाले, हे त्या दोघांपैकी कोणालाच पुढे कधी सांगता आले नाही.